जपानी क्रियापदं आणि आपली बाराखडी

जपानी शिकणाऱ्या मराठी मुलांचं सुरुवातीला छान चाललेलं असतं, हिरागाना आणि काताकाना या दोन्ही जपानी लिप्या होतात, स्वतःची ओळख करून देता येते, दुकानात किंमत विचारता येते, आणि मग क्रियापदांचे फॉर्म सुरू होतात. मास फॉर्म, नाइ फॉर्म, ते फॉर्म, ता फॉर्म, मग शक्यतेचा, मग कर्मणी, मग करायला लावण्याचा, वहीची पानंच्या पानं टेबलांनी भरतात आणि जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन५ ही पहिली पातळी देऊन पुढे एन४ ची तयारी करायची म्हणून आलेली बरीच मुलं इथंच गळतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण क्रियापदं चालवणं हा जपानीतला असा भाग आहे जो मराठी माणसाला खरंतर लवकर यायला हवा. आपण तो शिकतो मात्र इंग्रजीतून लिहिलेल्या नियमांवरून, म्हणजे जपानी वाक्य आधी इंग्रजीत न्यायचं, तिथून मराठीत आणायचं, आणि या प्रवासात जे आपल्या भाषेत आयतं होतं तेच हरवतं. म्हणून इथे सगळं मराठीवरूनच सांगते, आणि जपानी शब्दही देवनागरीतच लिहिते, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी जपानी क्रियापदात काय काय नसतं ते बघून घेऊ म्हणजे जरा हायसं वाटेल. आपल्याकडे करतो, करते, करतोस, करतेस, करता, करतात, आणि भूतकाळात केला, केली, केलं, केले, केल्या, केलीस, केलंत, एवढा सगळा पसारा आहे, कर्ता कोण, कर्म कोण, पुल्लिंग का स्त्रीलिंग, एक का अनेक, सगळ्याप्रमाणे शेवट बदलतो. जपानीत यातलं काहीच नाही. मी, तू, ती, ते सगळे, कुणीही असो, क्रियापद तेच राहतं. काळही दोनच, झालेलं आणि न झालेलं. भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही, 'आशिता इकु' म्हणजे 'उद्या जातो', आणि आपणही बोलताना उद्या जाईन ऐवजी उद्या जातो असंच तर म्हणतो. मराठीत क्रियापदाचं शेपूट कोणाबद्दल बोलतोय ते सांगतं, जपानीत ते क्रियेबद्दल काय म्हणायचंय ते सांगतं, नाही, शक्य आहे, हवंय, करायला लावलं, केलं तर, करूया. हे सगळे अर्थ एकामागे एक शेवटी चिकटत जातात.

दुसरी गोष्ट, डिक्शनरीत जपानी क्रियापद नेहमी उ या स्वरावर संपतं. काकु म्हणजे लिहिणे, नोमु म्हणजे पिणे, हानासु म्हणजे बोलणे, मात्सु म्हणजे वाट बघणे, ताबेरु म्हणजे खाणे. याला अपवाद नाही.

आता बाराखडीकडे येऊ. जपानी अक्षरांचा जो तक्ता असतो त्याला गोजूओन म्हणतात, पन्नास ध्वनींचा तक्ता. त्यात स्वरांचा क्रम अ इ उ ए ओ, आणि व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम मोठ्याने म्हणून बघा. क, मग स (हा जुन्या जपानीत च च्या जवळचा उच्चार होता असं मानतात), मग त, न, मग ह (जो मुळात प होता), मग म, य, र, व. म्हणजे कंठातून ओठांपर्यंत, आपल्याच वर्णमालेचा क्रम, फक्त जपानीत नसलेले ध्वनी गाळून. हा योगायोग नाहीये. बौद्ध भिक्षूंनी मंत्र नीट म्हणता यावेत म्हणून संस्कृत आणि सिद्धम लिपी शिकून घेतली होती, कूकाइ नावाचा प्रसिद्ध भिक्षू 804 साली चीनला गेला आणि 806 मध्ये परत आला तो सिद्धमचं ज्ञान घेऊनच, आणि सिद्धम ही ब्राह्मीपासून आलेली लिपी, म्हणजे देवनागरीची नात्यातली. त्या अभ्यासातून जपानी ध्वनी अशा तक्त्यात मांडायची पद्धत आली. जपानी क्रियापदं याच तक्त्यावर चालतात, म्हणजे जी मांडणी आपल्याला पहिलीत पाठ करून घेतात तिच्यावरच.

आता काकु घ्या. शेवटी कु आहे. क तसाच धरून ठेवायचा आणि फक्त स्वर बदलायचा. का करून काका-नाइ, लिहीत नाही. कि करून काकि-मास, लिहितो, हे आदबीचं. कु म्हणजे काकु, साधं, मित्रांत बोलायचं. के करून काके-बा, लिहिलं तर. को करून काको-ओ, लिहूया. का कि कु के को, झालं की. नोमु असेल तर नोमा-नाइ, नोमि-मास, नोमु, नोमे-बा, नोमो-ओ. आसोबु म्हणजे खेळणे, आसोबा-नाइ, आसोबि-मास, आसोबु, आसोबे-बा, आसोबो-ओ. या जातीच्या क्रियापदांना जपानीत गोदान म्हणतात, गो म्हणजे पाच आणि दान म्हणजे पायरी, पाचही स्वरांच्या पायऱ्यांवर फिरतात म्हणून गोदान. आपल्याकडच्या गायीच्या दानाशी काही संबंध नाही पण नाव लक्षात मात्र पटकन राहतं. क्लासमध्ये यालाच ग्रुप एक म्हणतात.

इथे देवनागरीची खरी मजा आहे. हिरागानात का, कि, कु, के, को ही पाच पूर्णपणे वेगळ्या आकाराची अक्षरं आहेत, त्यात क कुठेही दिसत नाही, जपानी मुलांना तो दिसतच नाही. रोमनमध्ये व्यंजन दिसतं पण मात्सु सारख्या शब्दात गडबड होते, माता-नाइ, माचि-मास, मात्सु, माते-बा, मातो-ओ यात स्पेलिंग तीनदा बदलतं आणि वाटतं की हे क्रियापद अनियमित आहे. तसं काही नाही, जपानीत त ची ओळच ता चि त्सु ते तो अशी आहे, ति आणि तु च्या जागी चि आणि त्सु येतात. (त्सु चा उच्चार म्हणजे आपल्या चूल मधला च, मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही.) तसंच स ची ओळ सा शि सु से सो, म्हणून हानासु चं हानाशि-मास होतं. एकदा ओळ माहीत झाली की अपवाद शिल्लक राहत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असतं की क्रियापदं चालवताना वहीत रोमन लिहू नका, हिरागाना लिहा आणि शेजारी देवनागरी लिहा, काना मात्रा डोळ्यासमोर बदलताना दिसल्या की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

प्रत्येक पायरीचं काम वेगळं आहे आणि ते कळलं की अर्धी लढाई झाली. आ ची पायरी नकाराची, त्यावरच कर्मणी आणि करायला लावणारं रूपही उभं राहतं, काका-नाइ, काका-रेरु, काका-सेरु. इ ची पायरी जोडकामाची, तिच्यापुढे मास लागतं, इच्छा दाखवणारं ताइ लागतं (काकि-ताइ, लिहायचंय), नागारा लागतं (काकि-नागारा, लिहिता लिहिता), आणि दुसरी क्रियापदंही इथेच जोडली जातात. उ म्हणजे मूळ रूप. ए च्या पायरीवर जर-तर, शक्यता आणि हुकूम, काके-बा लिहिलं तर, काके-रु लिहिता येणं, आणि नुसतं काके म्हणजे लिही, जरा दरडावून. ओ वर करूया. ही ओ ची पायरी नंतर आली आहे. जुन्या लेखनात 'लिहूया' साठी काकाउ असं लिहायचे आणि उच्चार मात्र काकोओ करायचे, त्यामुळे कागदावर चारच पायऱ्या होत्या आणि व्याकरणात नावही योदान, चार पायऱ्यांचं. 1946 मध्ये जपानने उच्चाराप्रमाणे लिहायचं ठरवलं, को लिहायला लागले आणि योदानचं गोदान झालं.

एक जागा जिथे सगळे अडतात ती म्हणजे नुसत्या उ वर संपणारी क्रियापदं. काउ म्हणजे विकत घेणे. नियमाने काआ-नाइ व्हायला पाहिजे पण होतं कावा-नाइ. हा वा कुठून आला? तर काउ हे पूर्वी काफु होतं, शेवटी एक व्यंजन होतं, ते झिजून व झालं, आणि पुढे जपानीत व हा फक्त आ च्या आधीच टिकला, बाकी इ उ ए ओ च्या आधी गळून गेला. म्हणून कावा-नाइ, काइ-मास, काउ, काए-बा, काओ-ओ. म्हणजे हे क्रियापद व च्या ओळीतलं आहे, फक्त व एकाच ठिकाणी ऐकू येतो. आराउ (धुणे), उताउ (गाणे), ओमोउ (वाटणे), सगळी अशीच.

दुसरा ग्रुप एकदम साधा. ताबेरु, मिरु (बघणे), नेरु (झोपणे), ओकिरु (उठणे), ओशिएरु (शिकवणे). यांचा मागचा भाग कधीच हलत नाही, शेवटचा रु काढायचा आणि हवं ते लावायचं, ताबे-नाइ, ताबे-मास, ताबे-रु, ताबे-रेबा, ताबे-योओ. एकाच पायरीवर राहतात म्हणून इचिदान. यात शिकण्यासारखं फार नाही, प्रश्न एवढाच की हे ओळखायचे कसे, कारण रु वर संपणारे गोदानही भरपूर आहेत.

तर बघा, रु च्या आधी आ, उ किंवा ओ असेल, जसं वाकारु (समजणे), त्सुकुरु (बनवणे), नोरु (गाडीत बसणे), तर ते नक्की गोदान, फक्त सुरु आणि कुरु हे दोन सोडून, ते पुढे येतात. रु च्या आधी इ किंवा ए असेल तर बहुतेक वेळा इचिदान. बहुतेक म्हटलं कारण काही रोजच्या वापरातले शब्द दिसतात इचिदानसारखे पण असतात गोदान, काएरु (घरी परत जाणे), हाइरु (आत जाणे), हाशिरु (धावणे), शिरु (माहीत होणे), किरु (कापणे), शाबेरु (गप्पा मारणे), सुबेरु (घसरणे), हेरु (कमी होणे), केरु (लाथ मारणे), आणि इरु (लागणे, म्हणजे पाहिजे असणे). हे पाठच करा, दुसरा उपाय नाही. यातल्या काहींना सारख्या दिसणाऱ्या बहिणी आहेत आणि त्या इचिदान आहेत, किरु म्हणजे कपडे घालणे हे इचिदान, किमास, आणि किरु म्हणजे कापणे हे गोदान, किरिमास. काएरु म्हणजे बदलणे हे इचिदान, काएमास, आणि परत जाणे हे काएरिमास. कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली चित्रासारखी अक्षरं, वाचायला लागलात की एक आधार मिळतो, इचिदान शब्दात रु च्या आधीचं अक्षरही बऱ्याचदा कांजीच्या बाहेर हिरागानात लिहिलेलं असतं, ताबेरु मध्ये बे बाहेर दिसतो, पण परत जाणाऱ्या काएरु मध्ये कांजीनंतर एकटा रु असतो. मिरु, नेरु सारख्या छोट्या शब्दांना हे लागू नाही, पण ते तसेही रोज वापरून पाठ होतात.

इथे क्लासमध्ये शिकवायच्या क्रमाबद्दल माझी एक तक्रार आहे. परदेशी लोकांसाठीच्या बऱ्याच पुस्तकांत सुरुवात मास फॉर्मने करतात, कारण तो आदबीचा आहे आणि नवशिक्याकडून उद्धटपणा होऊ नये. कारण चांगलंच आहे. पण मास फॉर्ममध्ये क्रियापदाची जात लपून जाते. ओकिमास म्हणजे काय? ओकिरु चं ओकिमास म्हणजे उठतो, आणि ओकु चं ओकिमास म्हणजे ठेवतो, दोन्ही कानाला सारखेच. कारिमास हे कारिरु (उसनं घेणे) चं असेल किंवा कारु (गवत, पीक कापणे) चं. काही आठवडे नुसतं मास मास करत काढले की पुढे मूळ रूप शोधताना मुलं चाचपडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक क्रियापद जोडीने पाठ करा, ओकिरु ओकिमास, ओकु ओकिमास. एक गोष्ट मात्र पक्की आहे, मास च्या आधी ए ऐकू आला, ताबेमास, नेमास, ओशिएमास, तर ते इचिदानच, कारण गोदानला मास च्या आधी कायम इ ची पायरी लागते.

ही जी जातवारी आहे ना, किती पायऱ्यांवर फिरतं त्यावरून क्रियापदाचं नाव ठेवायचं, ती नीट मांडली मोतोओरि हारुनिवा या माणसाने. इसे प्रांतातल्या मात्सुसाका गावचा, 1763 चा जन्म, मोठे विद्वान मोतोओरि नोरिनागा यांचा मुलगा. ऐन तिशीत त्याची दृष्टी गेली. त्यानंतर जुन्या वाङ्मयातली क्रियापदं कोणकोणत्या पायऱ्यांवर कशी फिरतात हे त्याने दुसऱ्यांच्या मदतीने जमवलं आणि 1808 मध्ये त्याचा ग्रंथ छापून आला. आजही जपानी शाळेत पोरं जी व्याकरणाची नावं घोकतात त्यात त्याच्या मांडणीचा मोठा वाटा आहे. डोळ्यांनी तक्ता न बघता ज्याने हे सगळं बसवलं त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

खरे अनियमित दोनच. सुरु म्हणजे करणे, कुरु म्हणजे येणे. सुरु चं शि-नाइ, शि-मास, सुरु, सुरे-बा, शि-योओ, हुकूम शिरो. कुरु चं को-नाइ, कि-मास, कुरु, कुरे-बा, को-योओ, हुकूम कोइ. दोन क्रियापदं रोज आंघोळ करताना म्हटली तरी आठवड्यात बसतात. बाकी बारीकसारीक, आरु (असणे, निर्जीव वस्तूंचं) चा नकार आरानाइ होत नाही, नुसतं नाइ होतं. सुरु ची मात्र एक मोठी मेहेरबानी आहे, क्रिया दाखवणारं नाम घ्या आणि बऱ्याचदा पुढे नुसतं सुरु लावलं की झालं, बेन्क्योओ सुरु अभ्यास करणे, देन्वा सुरु फोन करणे, दाउनरोओदो सुरु डाउनलोड करणे, अगदी आपल्यासारखंच, आपणही फोन, डाउनलोड, रिचार्ज सगळ्याला करणे लावूनच तर काम भागवतो. गोदानमध्येही नवे शब्द येत राहतात, गूगलवर शोधणे याला बोलीत गुगुरु म्हणतात आणि ते गोदान चालतं, गुगुरा-नाइ, गुगुरि-मास. सॅबोटाज या परदेशी शब्दावरून आलेलं साबोरु म्हणजे कामाला किंवा क्लासला दांडी मारणे, साबोरा-नाइ. म्हणजे हा तक्ता आजही बोलणाऱ्यांच्या डोक्यात चालूच आहे.

आता 'ते' फॉर्म, ज्याला सगळे घाबरतात. आधी अर्थ, मग रूप, कारण अर्थ आपल्याकडे तयार आहे. जपानी 'ते' म्हणजे आपलं 'ऊन'. खाऊन, बघून, लिहून, बसून. ताबेते खाऊन, मिते बघून, काइते लिहून. सकाळी उठून, दात घासून, चहा पिऊन ऑफिसला गेलो, हे वाक्य जपानीत तसंच्या तसं ते ते ते करत जातं आणि शेवटच्या क्रियापदाला काळ लागतो, मराठीत लागतो तसाच. इंग्रजीतून शिकवताना याला 'आणि' म्हणून सांगतात आणि मग मुलं दोन वाक्यं जोडल्यासारखी बोलतात, ते बरोबर वाटत नाही.

रूपाकडे वळू. इचिदानला सरळ ते लावा, ताबे-ते, मि-ते. गोदानमध्ये मुळात इ च्या पायरीवर ते लागायचं, काकि-ते, नोमि-ते, माचि-ते, पण हजारेक वर्षांपूर्वी बोलता बोलता हे उच्चार गुळगुळीत होत गेले. आपल्याकडे सत् आणि जन मिळून सज्जन होतो, वाक् आणि मय मिळून वाङ्मय होतं, शेजारचे ध्वनी एकमेकांना ओढतात, तसंच हे. काकिते मधला क गळला, काइते. ओयोगिते (पोहून) मधला ग गळला पण जाताना त ला द करून गेला, ओयोइदे. नोमिते, आसोबिते, शिनिते, यातल्या म, ब, न चा अनुस्वार झाला आणि त चा द, नोन्दे, आसोन्दे, शिन्दे. माचिते, काएरिते आणि मघाचं काउ, या तिघांत इ गळून त ला त भिडला, मात्ते, काएत्ते, कात्ते. हानाशिते मध्ये काहीच बदललं नाही, हानाशिते. म्हणजे कु चं इते, गु चं इदे, मु बु नु चं न्दे, उ त्सु रु चं त्ते, सु चं शिते. सगळ्या प्रदेशांत हे उच्चार एकसारखे झिजले असंही नाही, ओसाका, क्योतो भागात कात्ते ऐवजी कोओते ऐकू येतं. ते च्या जागी ता टाकलं की भूतकाळ, काइता लिहिलं, नोन्दा प्यायलो, मात्ता थांबलो, त्यासाठी वेगळं काही शिकायचं नाही.

रोजच्या वापरातला एकच अपवाद, इकु (जाणे). नियमाने इइते व्हायला पाहिजे, होतं इत्ते. आणि तो अपवाद आपल्याला जपानी घरात रोज ऐकू येतो. बाहेर पडताना माणूस म्हणतो इत्ते-किमास, जाऊन येतो. घरातला माणूस म्हणतो इत्तेराश्शाइ, जाऊन या. आपल्याकडेही निघताना नुसतं जातो म्हटलं की आजी ओरडते, येतो म्हण. इत्ते-किमास पाठ केलंत की इकु चा अपवाद आणि कुरु चं किमास दोन्ही एकदमच पाठ झाले.

आता जिथे मराठी माणसाने थांबून मनसोक्त बघावं अशी जागा. आपण ऊन च्या पुढे दुसरं क्रियापद लावून अर्थाला वळण देतो ना, करून बघ, खाऊन टाक, घेऊन ठेव, लिहून दे, लिहून घे, जपानीत हे जवळजवळ शब्दाला शब्द तसंच आहे. मिरु म्हणजे बघणे, ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, चव घेऊन बघणे या अर्थाने. ओकु म्हणजे ठेवणे, कात्ते ओकु म्हणजे घेऊन ठेवणे, पाहुणे यायच्या आधी आणून ठेवतो तसं. शिमाउ म्हणजे संपवणे, ताबेते शिमाउ खाऊन टाकणे, आणि वासुरेते शिमात्ता म्हणजे विसरून बसलो, म्हणजे आपलं टाकणे आणि बसणे दोन्हींचं काम, ती चुकचुकही त्यात आली. मोत्ते इकु घेऊन जाणे, मोत्ते कुरु घेऊन येणे. काइते मोराउ म्हणजे कुणाकडून लिहून घेणे. लिहून देणे याला मात्र दोन शब्द आहेत, मी दुसऱ्याला लिहून दिलं तर काइते आगेरु, दुसऱ्याने मला किंवा माझ्या माणसाला लिहून दिलं तर काइते कुरेरु, हा भेद मराठीत नाही, तिथे लक्ष ठेवा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे एकेक पॅटर्न म्हणून सुटे पाठ करावे लागतात, आणि आपली मुलं 'खाऊन बघ' रोज म्हणत असताना तेच पॅटर्न नंबर लावून घोकतात, हे बघून जीव तुटतो. वहीत ते फॉर्मसमोर मराठी लिहा, इंग्रजी नको.

'ते इरु' मध्ये (हा इरु म्हणजे असणे, मघाचा लागणे नव्हे) मात्र जरा जपून. ताबेते इरु म्हणजे खातोय, इथे ठीक. पण शित्ते इरु म्हणजे माहीत आहे, केक्कोन शिते इरु म्हणजे लग्न झालेलं आहे, लग्न चाललंय असं नाही, आणि इत्ते इरु म्हणजे बहुतेक वेळा गेलेला आहे. क्रिया चालू असेल तर चालू, आणि क्रिया एका क्षणात होऊन जाणारी असेल तर झाल्यानंतरची स्थिती. आपलं 'बसतोय' आणि 'बसलाय' हे दोन्ही जपानीत एकाच साच्यात बसतात, क्रियापदाच्या स्वभावावरून अर्थ घ्यायचा.

पुढची मोठी रूपं लोकांना लांबीमुळे भीती घालतात पण ती जोडत जायची असतात. शक्यता, काकेरु लिहिता येणे, इचिदानला ताबेरारेरु (बोलताना बरेच जण ताबेरेरु म्हणतात), सुरु चं देकिरु. पोट भरल्यावर म्हणतात मोओ ताबेरारेनाइ, आता जेववत नाही. हे जेववत, चालवत, वाचवत जे आपलं आहे ते या रूपाच्या फार जवळ आहे. कर्मणी, काकारेरु, ताबेरारेरु. मराठीत कर्मणी बोलण्यात फार येत नाही पण जपानीत येतं, विशेषतः त्रास झाला तर, आमे नि फुरारेता, पाऊस पडला आणि त्याचा मला ताप झाला, म्हणजे आपलं पावसाने गाठलं. करायला लावणे, काकासेरु, ताबेसासेरु, सुरु चं सासेरु, आणि याच रूपाचा अर्थ करू देणे असाही होतो, वाक्यावरून कळतं. गंमत अशी की या सगळ्या रूपांच्या शेवटी रु येतो आणि ती सगळी इचिदान होतात, म्हणजे गोदान काकु एकदा काकासेरु झालं की पुढे त्याला सोप्या ग्रुपचे नियम. आणि नाइ आणि ताइ ही इ वर संपणाऱ्या विशेषणांसारखी चालतात, नाइ चा भूतकाळ नाकात्ता, ताइ चा ताकात्ता, ताइ चा नकार ताकुनाइ. आता हे वाचून बघा, ताबे-सासे-रारे-ताकु-नाकात्ता. खा, लावणे, कर्मणी, इच्छा, नव्हती. मला खायला लावलं जाऊ नये असं वाटत होतं. पाच तुकडे, प्रत्येक तुकडा ओळखीचा.

सरावाचं म्हणाल तर टेबल आडवं पाठ करू नका, म्हणजे आज वीस क्रियापदांचा नाइ फॉर्म, उद्या वीस क्रियापदांचा ते फॉर्म असं नको. एक क्रियापद घ्या आणि ते उभं सगळं म्हणा, काकानाइ काकिमास काकु काकेबा काकोओ काइते काइता, शाळेत संस्कृतचे धातू चालवायचो तसे, मोठ्याने, तालात. प्रत्येक शेवटाचं एक क्रियापद निवडा, काउ, काकु, ओयोगु, हानासु, मात्सु, शिनु, आसोबु, नोमु, काएरु, शेवट एवढे नऊच आहेत (नु वाला तर एकच, शिनु म्हणजे मरणे), त्यात ताबेरु, सुरु, कुरु टाका, बारा झाले. हे बारा पक्के बसले की नवीन शब्द आला की तो कुणासारखा चालतो एवढंच बघायचं. आणि आदबीच्या भाषेत पोचाल तेव्हा आणखी पाच भेटतील, इराश्शारु, ओश्शारु, कुदासारु, नासारु, गोझारु, ही रु वाली गोदान आहेत पण मास च्या आधी रि ऐवजी नुसता इ घेतात, इराश्शाइमास, कुदासाइमास. आपण पहिल्याच धड्यात शिकतो ते कुदासाइ हे याच कुदासारु चं हुकमाचं रूप आहे, आणि दुकानात शिरताना ऐकू येणारं इराश्शाइमासे इराश्शारु चं.